खांबाजवळची बाई

४ फेब्रुवारी

छोटे,

कारखान्याच्या गेटवर भाषणाला स्टुलावर चढले की मी "बहिणींनो" अशी सुरुवात करते. आज समोर एकच बहीण आहे, आणि तीही पाठ करून बसलेली. तरी सुरुवात तीच, कारण गाऱ्हाणं आपलं दोघींचं आहे. तुला नि मला घरात मोठ्याने बोलायला कधी मिळालं नाही. मागांच्या खडखडाटाने आईचे कान खाल्ले आणि आपण आवाजाशिवाय बोलायला शिकलो. भूक लागली की ओठ, रुसलो की ओठ, भांडलो की नुसते ओठच ओठ. शेजारीण म्हणायची, "किती गुणी पोरी, हूं की चूं नाही!" आपण तेव्हा एकमेकींना काय काय म्हणत होतो ते तिला कळलं असतं तर तिने खिडकी लावून घेतली असती.

कारखान्याने आईचे कान घेतले. आता ओठही घेतले. या वेळी ते काढून देणारे हात तुझे आहेत.

पत्ता मावसभावाने दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाला, "ताई, तिने नको म्हटलंय." ठीक आहे. कागदच बरा. कागदाला ओठ नसतात.

आगीचं तुला कळलं असेलच. सुताचं गोदाम जळालं. गेटवरचा रखवालदार, तुला "बारकी मालकीण" म्हणून सलाम ठोकायचा तोच, पाण्याची बादली घेऊन आत गेला. शटर मधेच अडकलं. तो बाहेर आला नाही. पुढच्या आठवड्यात पोलीस आत्याच्या दारात उभे. आपली आत्या. बापाची बहीण नव्हे, पण आईच्या शेजारच्या मागावर उभं राहून जिने आपल्या दोघींची आजारपणं, परीक्षा, पहिली पाळी, सगळं वाटून घेतलं ती. जिला सगळं खातं "तोफ" म्हणतं, कारण तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही आणि ती कानात सांगायला लागली की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो.

तिच्यावर आरोप काय? की आगीच्या आदल्या दिवशी, पाळी सुटता सुटता, ती मागावर उभी राहून काहीतरी बोलली. कुणी ऐकलं? कुणीच नाही. दोनशे माग चालू असताना कोण ऐकणार! कॅमेऱ्याने पाहिलं. मागच्या वर्षी ते कॅमेरे बसवले तेव्हा आम्ही हसलो होतो. नुसती मुकी चित्रं, बघा किती बघायची ती. मी रोज सकाळी माझ्या समोरच्या कॅमेऱ्याला जीभ दाखवायची.

त्या मुक्या चित्रावरून कुणा तज्ज्ञाने ओठ वाचले आणि अहवाल दिला. आत्याच्या वकीलबाईंनी काल तो माझ्या हातात ठेवला. त्यातली ओळ अशी: "कामगार महिला (कोपर खाजवण्याची खूण, अर्थ 'मालक'): मालकासकट पेटवून द्यायला पाहिजे."

मी ती ओळ पुन्हा वाचली. कोपर खाजवलं की मालक, हे जगातल्या कुठल्या तज्ज्ञाला ठाऊक? बाहेरच्या माणसाला वाटेल, बाईला खाज सुटली. हे आपल्या खात्यात उभं राहिलेल्या बाईलाच कळतं. आणि आपल्या खात्यातून उठून ओठ वाचायच्या नोकरीला एकच जण गेली. खाली सही नाही, नुसता क्रमांक आहे. त्या क्रमांकाला मी माझ्या मांडीवर झोपवलंय.

झाडणी विसरलीस? भोंग्याआधी ब्रशाने माग झाडायचा, आणि माग झाडता झाडता तोंडही झाडायचं. दिवसभर गिळलेलं सगळं त्या गोंगाटात थुंकायचं. आई रोज म्हणायची, "आज दोन्ही पोरींना विहिरीत ढकलते," आणि घरी येऊन तुझ्या वेण्या घालायची. बॉबिनवाली नवऱ्याला विकायला काढायची, गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून रडायची. एकच नियम होता, झाडणीतलं गेटबाहेर न्यायचं नाही. तुझ्या पहिल्या दिवशी तो नियम तुला आत्यानेच सांगितला होता.

तो तू गेटबाहेर नेलास. टाइप करून, शिक्का मारून.

संपाच्या वेळी तू संप मोडून कामावर गेलीस आणि आपण बोलणं टाकलं. मी तेव्हा जे म्हणाले ते आजही मागे घेत नाही. पण तो झगडा तुझा नि माझा होता, आत्याने तुझं काय बिघडवलं? पोलिसांना लिही. झाडणी म्हणजे काय ते लिही. तुझ्याशिवाय कुणाचं ते ऐकणार नाहीत.

ताई


११ फेब्रुवारी

छोटे,

उत्तर नाही. नसू दे.

आत्याला भेटून आले. भेटीच्या खोलीत मधे काच आहे, काचेला खाली जाळीचा गोल. आपल्याला जाळी कशाला लागते? मी बसले, तिने काचेपलीकडून ओठ हलवले, "वाळलीस." मी म्हटलं, "तू नाही वाळलीस, इथलं जेवण मानवलं वाटतं." तेवढ्यात कोपऱ्यातली पोलीसबाई उठली. "ए, आवाजात बोला! इथे मुक्याने बोलायची परवानगी नाही. काय बोलता ते मला ऐकू आलं पाहिजे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि माझ्यावर तोफ डागली, "काय गं, तुझ्या आईच्या गुडघ्याचं कसं काय!" खोलीतली पाच भेटणारी आणि पाच कोंडलेली एकदम दचकली. पोलीसबाईच्या हातातला चहा सांडला. "एवढ्या जोरात नको!" आत्या त्याच पट्टीत, "मग केवढ्या? माप द्या की!"

मी हसले. मग मला हसल्याची लाज वाटली, कारण मी उठून घरी जाणार होते आणि ती तिथेच राहणार होती.

ऐक, मी काय विचार करतेय ते. बोलायची मोकळीक सगळ्यांना आहे, असं म्हणतात. मीही गेटवर म्हणत आले. आहेच ना! आत्या सहा महिने मोठ्याने बोलत होती की गोदामातली तार ठिणग्या टाकते, शटर अर्ध्यावर अडकतं. मुकादमाला सांगितलं, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला सांगितलं, पगाराच्या रांगेत उभं राहून साहेबाला सांगितलं. आणि तिचं सांगणं म्हणजे तुला माहीत आहे, तीन गल्ल्यांना सांगणं. तिला कुणी अडवलं का? कुणीही नाही. ऐकलं का? तेही कुणी नाही. ज्या दिवशी ती आवाज न करता बोलली, त्या दिवशीचं मात्र सगळ्या सरकारला ऐकू आलं.

वकीलबाईंनी मागणी केली की एकच ओळ नको, त्या संध्याकाळच्या झाडणीतलं सगळं वाचून द्या. तिथे आत्याच्या आजूबाजूला सहा जणी दिसतात, त्या काय बोलल्या तेही येऊ द्या. तू काम करतेस त्या फर्मचं उत्तर आलं, बाकी कुणाचेही चेहरे वाचण्याजोगे नाहीत. बॉबिनवाली, वाचण्याजोगी नाही. पलीकडच्या मागावरच्या दोघी बहिणी, वाचण्याजोग्या नाहीत. खांबाजवळची बाई, वाचण्याजोगी नाही.

खोटं लिहितेस. आईने शेजारच्या इमारतीतल्या नवराबायकोचं भांडण पडद्याआडून वाचलं होतं, आणि तू आईपेक्षा तरबेज.

निघताना पोलीसबाई कप ठेवायला वळली, तेवढ्या वेळात आत्याने ओठ हलवले. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते, तपासाचे साहेब तिला रोज विचारतात की तू कुणाशी बोलत होतीस, आणि आपली तोफ त्या एकाच प्रश्नाला गप्प बसते.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तुला साक्षीला बोलावलंय, चित्र दाखवून सगळ्यांसमोर वाचायला. म्हणजे तू येशील. शपथ घेशील. कशाची घेशील?

ताई


१९ फेब्रुवारी

छोटे,

आज मी स्टुलावरून उतरले. दरवेळी उतरतेच, पण भाषण संपवून. आज मधेच उतरले.

पाळी बदलायची वेळ होती, गेटसमोर ही गर्दी. मी रंगात आले होते. म्हणाले, शब्दावर गुन्हा लावता येत नाही, गोंगाटात फेकलेला शब्द म्हणजे कपड्यावरची रुई, झटकली की गेली! टाळ्या पडल्या. मग मागून वाट काढत एक बाई पुढे आली. हातात इस्त्री केलेला खाकी शर्ट. रखवालदाराची बायको. कंपनीने त्याचा गणवेश परत मागितलाय. घालून गेला तो जळाला, पण दुसरा जोड घरी होता, तो जमा करायला आली होती.

"तुमचं ऐकत होते," ती म्हणाली. "म्हणजे माणूस काय बोलतो त्याला काही अर्थ नसतो, असं ना?"

"तसं नाही, ताई..." मी म्हटलं.

"मग तुम्ही रोज या स्टुलावर का चढता?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी म्हटलं, "आग तारेमुळे लागली. ती बाई सहा महिने सांगत होती."

"असेल. मला तारेतलं कळत नाही. ती पेटवून द्यायला पाहिजे म्हणाली का?"

"म्हणाली."

"कुणाला?"

छोटे, दोनशे बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या पाच जणींना उत्तर माहीत होतं. एकही पापणी हलली नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या एकजुटीची भीती वाटली.

ती शर्टाची घडी सारखी करत म्हणाली, "कंपनीचा माणूस घरी येऊन एक ओळ ऐकवून गेला. तुम्ही इथे तुमचं ऐकवता. त्या संध्याकाळी कोण काय बोललं ते मला सगळं ऐकायचंय. शिव्या असल्या तरी चालतील. अर्धं ऐकवून घरी पाठवू नका मला."

मी उतरले. कुणी विचारलं नाही का उतरलीस.

तू हसशील, पण घरी येऊन मी पुस्तकं काढली. ग्रंथालयातली सगळी तू मला आणून द्यायचीस, आठवतं? शब्द आणि कृत्य यांच्यात एक रेघ असते, असं प्रत्येकात आहे, आणि ती रेघ प्रत्येकाने वेगळ्या जागी ओढलीय. एक म्हणतो, ऐकणारा लगेच उठून करेल अशा वेळी बोलणं गुन्हा. दुसरा म्हणतो, मनात काय होतं ते बघा. मनात काय होतं! दिवसभर उभं राहून पाय सुजलेली बाई भोंग्याआधी जे बोलते, त्यात मनातलं किती आणि पायातलं किती, हे कोण सांगणार? माझं स्वतःचं मत अजून तेच आहे. त्या बाईचा हक्क माझ्या मतापेक्षा मोठा आहे, एवढं मात्र त्या खाकी शर्टाने मला शिकवलं. बोलायचा हक्क आम्ही मागतो. ऐकायचा तिचाही आहे.

म्हणून तडक तपास करणाऱ्या साहेबाकडे गेले. म्हटलं, आत्या माझ्याशी बोलत होती. खांबाजवळची बाई मी आहे.

हो. तुला नवीन सांगत नाही, पण मी पहिल्या दोन पत्रांत हे टाळलं, तेही तुझ्या लक्षात आलं असेल.

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाला, "पुढारीणबाई, तुमच्या बाईला सोडवायला आलात होय?"

"मी तिला तारेबद्दल विचारलं. मुकादमाला सांगितलंस का, म्हणून. ती म्हणाली, सांगितलं, तो म्हणाला तू तुझ्या मागाकडे बघ. त्यावर ती चिडली."

"अहवालात खांबाजवळच्या बाईचा चेहरा वाचण्याजोगा नाही."

"मी माझ्या तोंडाने सांगतेय ना!"

"तुमच्या तोंडाने तुम्ही रोजच सांगता. उद्या सगळं खातं येऊन म्हणेल, मीपण बोलले, मीपण बोलले. तज्ज्ञाने लिहून दिलं तर बघू."

बघ काय गंमत आहे. मी आवाजात बोलले तर ते नुसतं बोलणं. तू माझे ओठ वाचलेस तर तो पुरावा.

ताई


२५ फेब्रुवारी

छोटे,

काल तुझा फोन आला त्याबद्दल लिहिते. तू कट केलास त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही.

आई खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. उचलला तर तू. मागे पांढऱ्या फरशा, म्हणजे ऑफिसच्या बाथरूममध्ये. केस कापलेस. आवाज तू बंदच ठेवला होतास. मला बोलायचं होतं की बरी दिसतेस, पण तुझे ओठ आधीच चालू झाले होते.

"ताई, तुझा चेहरा दिसत नाही."

"दिसतो. कॅमेरा माझ्या नाकासमोर आहे."

"मी म्हणते दिसत नाही. खांबाची सावली पडते."

"आणि आत्याचा?"

तू खाली पाहिलंस. "तिच्यावर त्यांनी बोट ठेवून विचारलं, ही काय म्हणते. तिच्यावर उजेड होता. खोटं लिहिलं असतं तर दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतं. मग त्याने तुझंही वाचलं असतं. म्हणून बाकी सगळे चेहरे नाही म्हटले. एकट्या तुझा गाळला असता तर संशय आला असता." आणि मग, "ताई, आयुष्यात एकदा गप्प बस. एकदाच."

फोन बंद.

आईपासून काही लपवायचं तर तिच्याकडे पाठ फिरवावी लागते, हे आपण लहानपणापासून जाणतो. मी तेच केलं होतं. पाठ फिरवली, आणि फोन समोर धरला. पाठीमागून, खांद्यावरून, तुझे सगळे ओठ आई वाचत होती.

वळले तर तिने सुई शर्टात खोचून ठेवलेली. आवाजात बोलली. किती दिवसांनी बोलली, तो सपाट, कुठेही न वळणारा आवाज. "खांबाजवळ तू होतीस."

"हो."

"काय म्हणालीस?"

साहेबाला सांगितलं तेच सांगितलं. तार, मुकादम, मागाकडे बघ. आई माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"तिला मी तुझ्याहून जास्त ओळखते. ती आपणहून पेटवायचं काढत नाही. तिला कुणी सूर दिला की ती धरते. पुढे काय म्हणालीस?"

मग सांगितलं. आईने दातांनी दोरा तोडला. शर्ट झटकला, घडी केली. आणि म्हणाली, "धाकटीने तुला झाकलं आणि म्हातारीला उघड्यावर ठेवलं. तू साहेबाकडे जाऊन अर्धंच सांगून आलीस. दोघी माझ्याच पोटच्या, शंकाच नको."

तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही. ऐकू न येणारं माणूस बघायचं थांबलं की घर किती बंद होतं, ते तुला कळेल.

तू मला वाचवलंस. लहानपणी मी तुला पाठीशी घालायची, आता तू घातलंस. हे मला कळलं नाही असं समजू नकोस. मी जे लिहिणार आहे ते कळूनच लिहिणार आहे. चार दिवस दे.

ताई


२ मार्च

छोटे,

परवा सुनावणी. हे पत्र मावसभाव स्वतः तुझ्या हातात देईल.

त्या संध्याकाळचं मला जेवढं आठवतं ते लिहिते. बॉबिनवालीने नवरा फुकट देऊन टाकला. त्या दोघी बहिणींतल्या थोरलीने कारखान्याच्या साहेबाच्या खुर्चीत खिळा ठोकला, धाकटीने तो गंजका असावा असं सुचवलं. मी ब्रश मागावर आपटत आत्याला विचारलं, आज तारेचं सांगितलंस का? ती म्हणाली, सांगितलं, म्हणतो तू तुझ्या मागाकडे बघ. आणि मी म्हणाले,

"काडी मी लावते, तू दार धर."

त्यावर आत्याने कोपर खाजवलं आणि तिची ओळ म्हटली. मग आम्ही दोघी हसलो. भोंगा झाला. मी डबा उचलला.

लिहिलं. आता हे कागदावर आहे. "दार धर." दुसऱ्या दिवशी ते शटर अडकलं आणि त्यामागे एक माणूस होता. आपण दोघींनी ते का लपवलं ते कुणाला समजावून सांगायला नको. माझा त्या शटरला हात लागला नाही, काडीलाही नाही. तरी ते वाक्य माझ्या तोंडात रोज उठतं, दात घासताना, भाषण करताना, आईला ताट वाढताना. मी गेटवर म्हणाले होते की झटकलं की जातं. जात नाही. हेही मला त्या बाईसमोर कबूल करायचंय, आणि तरीही म्हणायचंय की याबद्दल माणसाला तुरुंगात घालता येत नाही. दोन्ही म्हणायचंय. पण आधी काय बोललं गेलं ते खोलीत आलं पाहिजे. जे कुणी ऐकलंच नाही त्याचा न्याय कसला?

वकीलबाई स्पष्ट आहेत. म्हणाल्या, "हे वाचलं गेलं तर तुमच्यावर कटाचा आरोप येऊ शकतो. दोघींवर. आत्ता निदान तुम्ही बाहेर आहात." मी विचारलं, आणि नाही वाचलं तर? त्या म्हणाल्या, तर तारेचा पुरावा नाही. मुकादम सांगतो की त्याला कुणी कधी काही सांगितलंच नाही. सहा महिने ओरडलेल्याची कुठेच नोंद नाही. नोंद एकाच ठिकाणी आहे, त्या मुक्या चित्रात. आत्याच्या ओठांवर, त्याच दिवशीची, त्याच वेळची. आणि ती माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आहे. तार आणि काडी एका श्वासातल्या आहेत, छोटे. एक वाचून दुसरी गाळता येणार नाही. म्हणून तू दोन्ही गाळल्यास. मला कळतं.

आत्याला जाऊन विचारलं. तिच्यावरही उलटू शकतं, तिच्या परवानगीशिवाय कसं लिहू? पोलीसबाई समोरच खुर्ची टाकून बसली होती, म्हणून आवाजातच विचारलं. बाजूच्या काचेशी बसलेला म्हातारा बोलायचा थांबला.

आत्याने खुर्ची काचेजवळ ओढली. मग म्हणाली, "नियम मीच सांगितला होता पोरीला. बाहेर न्यायचं नाही."

"हो."

"पण अर्धं गेलंच बाहेर. आता उरलेलं आत ठेवून काय करू, लोणचं घालू?" मग एकदम पुढे वाकून, "मात्र जावयाबद्दल मी जे म्हणाले ते वाचू नको म्हणावं. लेक नांदतेय तिथे."

"आत्या, सगळं म्हणजे सगळं."

"मग वाचू दे बाई. त्यालाही कळू दे एकदा." पोलीसबाई हसली. आत्याही हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला, म्हणजे मला तिचे ओठ दिसू नयेत.

आई सुनावणीला येणार आहे. आज तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच विचारलं, "धाकटी येणार ना?" आवाज न करता विचारलं, पूर्वीसारखं. मी म्हटलं, येणार. ती म्हणाली, "मग मी पुढच्या बाकावर बसते. ती काय वाचते ते मी वाचीन."

नोकरी जाईल तुझी. पहिला अहवाल खोटा होता असं तुला म्हणावं लागेल, आणि त्याची शिक्षाही असेल. मी तुझ्याकडे फार मागतेय, आणि ज्या घरात तू पाच वर्षं पाऊल टाकलं नाहीस त्या घरातून मागतेय. मी तुला गप्प बसायला सांगत नाही, खोटं बोलायलाही नाही. संपाच्या वेळी तू म्हणाली होतीस, "ताई, तुझ्या आवाजात मला माझा आवाज ऐकू येत नाही." परवा माझा आवाज तिथे नसेल. मला बोलू देणार नाहीत. पडद्यावर आपलं खातं दिसेल, माग हलताना दिसतील, आवाज नसेल. त्या अख्ख्या खोलीत आम्हा सगळ्यांचा आवाज एकटी तू असशील.

ते आत्यावर बोट ठेवतील. तिचं वाच. तिथे थांबू नकोस, आणि त्याआधीपासून वाच. मग खांबाकडे बघ. खांबाजवळची बाई सरळ तुझ्याकडेच बघतेय, ब्रश हातात, ओठ हलताहेत, सावली कुठेच नाही. माझं तोंड वाच, छोटे. तार, मुकादम, काडी, दार, सगळं. मोठ्याने वाच. शेवटच्या बाकावर रखवालदाराची बायको बसलेली असेल, तिच्यापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने.

ताई